सात पाण्यांची विभूती

मल्लम्माला मी चार महिने फसवलं. तेही विभूती हातात घेऊन. म्हणून मला कुणी भला माणूस म्हणालं की चीड येते.

उदगीरच्या अलीकडं आमचा छोटा मठ आहे. तिथली कोठी, म्हणजे तांदूळ, तेल, पूजेचं सामान, माझ्याकडं. मठाची विभूती मल्लम्मा करायची, लग्न होऊन गावात आली तेव्हापासून. लोक कपाळभर तीन बोटं ओढायचे आणि स्वामींच्या पाया पडायचे. राख काय आभाळातून पडते? बाई गायीचं शेण भुईला लागू न देता झेलायची, गोवऱ्या थापायची, जाळायची, राख वस्त्रगाळ करायची, मग सात पाण्यांत धुऊन तिचे गोळे वळायची. खरी पूजा तिच्या परसातच उरकलेली असायची, आम्ही पुढं नुसती घंटा वाजवायचो. हे मला कळत होतं. कळून काय केलं, ते सांगतो.

लातूर जिल्हा झाला आणि मठात गाड्या यायला लागल्या. नवे साहेब, त्यांच्या बायका. विश्वस्तांना मल्लम्माचे करडे गोळे गावंढळ वाटायला लागले. त्यांनी लातूरहून वासाची, पांढरीशुभ्र पाकिटं मागवली आणि मला म्हणाले, "पंचाक्षरी, त्या बाईला नको म्हणून सांगून टाका."

मी सांगितलं नाही. समोर आलेल्या विभूतीला आमच्यात नको म्हणत नाहीत, हात पुढं करतात. त्या रीतीच्या आड मी लपलो. खरं म्हणजे तिच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती. दर सोमवारी ती मागल्या दारानं टोपली घेऊन यायची आणि विचारायची, "स्वामींनी लावली न्हवं?"

"हाव," मी म्हणायचो आणि ती गेली की टोपली पोत्यात रिकामी करायचो.

उन्हाळ्यात आड आटले. दोन दिवसांआड टँकर यायचा. मल्लम्माच्या घरात ती एकटी आणि तिची गाय गौरा, त्यामुळं वाट्याला दोनच घागरी. मला वाटलं, आता ही सातावरून दोन पाण्यांवर येईल. पण गोळे तसेच गुळगुळीत यायचे. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं.

एका सोमवारी तिच्या टोपलीत चारच गोळे होते.

"गौरा गेली, अप्पा."

"कशानं?"

"पाण्यावाचून. एक घागर राखंला जायची. दुसरीत आमी दोघी. रातभर माझा हात चाटून राहिली होती. पर देवाचं कसं थांबवू?" तिनं पदरानं नाक पुसलं. "आता गोवऱ्या दुसऱ्याच्या आणते. पाण्याची फिकीर न्हाई. माझ्या एकटीला तांब्याभर बस्स."

आता गप्प बसलो असतो तर पुढचा बळी हीच. मी पोतं ओढून पुढं आणलं आणि तोंड उघडं केलं. साहेब, पाकिटं, विश्वस्त, सगळं सांगून टाकलं. ती खाली बसली. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून गोळे चाचपत राहिली. एकही फुटला नव्हता.

"चार म्हैने?"

"हाव."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिची नजर चुकवत मी आपलं बोलायला गेलो, "मल्लम्मा, अशी सेवा वाया जात न्हाई. देवाला पोचली आसंल."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"देवाला पोचली आसंल, अप्पा," ती म्हणाली. "ते पाणी गौराला न्हाई पोचलं."