नादबाबाची चांदणी

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला मांडव पडला आणि त्याच्या तोंडाशी एवढा दांडगा फ्लेक्स लागला की जालन्याहून येणाऱ्या एसट्यांचे ड्रायव्हर गाडी हळू करून तो वाचायला लागले. फ्लेक्सवर नादबाबा. डोळे मिटलेले, एका हातात वीणा, दुसऱ्या हातात मोबाइल. खाली लालभडक अक्षरं: ‘नादबाबांचे भजन देशात नंबर एक! सिनेमाची गाणी मागे पडली! कलियुगातला साक्षात चमत्कार!’

साल दोन हजार आठ. फोन नुकते खेड्यापाड्यांत पोचले होते, आणि बाबा त्यांच्या मागोमाग आला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं उतरत होती. म्हाताऱ्या बाया लेकांचे फोन पदराला बांधून आल्या होत्या. मांडवात बसायला जागा नव्हती, आणि बाबाच्या आसनाला तर एसी लावला होता, कारण म्हणे नादाला उष्णता सोसत नाही!

‘‘लेकरांनो,’’ बाबा माइकवर खर्जात बोलायला लागला, ‘‘पूर्वी ऋषीमुनी नाम ऐकायला रानात जायचे. आता नाम टॉवरवरून येतं. टॉवर म्हणजे काय? कलियुगातला कळस! सिम म्हणजे काय? सूक्ष्म देह! तुम्ही माझ्या भक्ताला फोन लावा. घंटी ऐकू येते का? नाही! माझा नाद ऐकू येतो. कोणी टाकला तिथं? दुकानदारानं टाकला?’’

‘‘न्हाईऽऽ!’’ सगळा मांडव ओरडला.

‘‘नाद ऐकत राहा, आणि बटणांतली शून्याशेजारची चांदणी दाबा. भाव असेल तर नाद चालत तुमच्या फोनात येतो. मग कोणीही तुम्हाला फोन लावला की तुमच्या नावानं जप होतो. रोग असेल तर झडतो. पण एक पथ्य आहे. जपाचा फोन उचलू नका. उचलला की नाम तुटतं. पूर्ण वाजू द्या!’’

आणि मग भजन सुरू झालं. ‘नाद घ्या नाद, दुःख होईल बाद.’ एवढ्या दोन ओळी, मागं कीबोर्डची टिंगटिंग. दुसरीतल्या पोरानंही याहून बरं यमक जुळवलं असतं. पण माणसं डोळे मिटून डोलत होती.

कांताबाई डोलत नव्हत्या. गावातल्या हायस्कुलात त्या विज्ञान शिकवायच्या आणि जिभेला धार होती. आज त्या मांडवात बसल्या होत्या त्या भावामुळं. मच्छिंद्र त्यांचा थोरला भाऊ, मोसंबीची बाग सांभाळणारा, चार माणसांत शहाणा म्हणून ओळखला जाणारा. तो पुढच्या रांगेत बाबाच्या पायांजवळ बसला होता, आणि आपल्या बहिणीलाही त्यानं ओढून आणून शेजारी बसवलं होतं.

मच्छिंद्रच्या पोरीला, शिवकन्याला, लहानपणापासून फिट यायच्या. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पोरगी हसायला-खेळायला लागली. ‘गोळी एक दिवसही चुकवू नका’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि या शहाण्या माणसानं बाबाच्या पहिल्याच दर्शनाला गोळ्या बंद केल्या होत्या! का, तर गोळी आणि नाद एका देहात नांदत नाहीत, असं बाबाचं वचन.

त्यावरून बहीण-भावाचं कडाक्याचं वाजलं होतं.

‘‘दादा, तुझं डोकं ठिकाणावर हाये का? पोरीच्या गोळ्या बंद करतोस?’’

‘‘बंद केल्या तवापासून एक तरी फिट आली का, सांग. मी सगळ्यांसमोर माइकवर सांगितलंय, नादानं पोरगी बराबर झाली म्हणून.’’

‘‘आरं, आधीच्या गोळ्यांनी ती आजवर उभी राह्यली. तुझ्या बाबानं काय केलं? भजन म्हणलं!’’

‘‘देशात नंबर एक हाये ते भजन. देश काय येडा हाये?’’

वहिनीही, म्हणजे गोपिकाबाईही, नवऱ्याच्याच बाजूनं. ‘‘वन्सं, तुमचं सायन्स शाळेत शिकवा. माझ्या लेकरासाठी सगळं गणगोत जप करून राह्यलं.’’ आणि ते खरंच होतं. मच्छिंद्रच्या फोनात शिवूच्या नावानं नाद बसवलेला. टेंभुर्णीची मावशी, हसनाबादचा मामा, कोण कुठले पाहुणे दिवसभर त्याला फोन लावत, भजन ऐकत, आणि हा उचलत नसे. फुकट मिस कॉल द्यायची आमच्या माणसांना भारी हौस. त्यात पुण्यही मिळतंय म्हटल्यावर कोण सोडणार?

तर त्या दिवशी मांडवात भजन रंगात आलेलं असताना मच्छिंद्रचा फोन वाजला. त्यानं तो कपाळाला लावला आणि लोकांना दिसेल असा उंच धरला. फोन वाजून वाजून बंद झाला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा बंद. पुन्हा वाजला.

कांताबाईंनी मान वर करून बघितलं. पडद्यावर ‘गोपिका’ असं नाव होतं.

‘‘दादा, वहिनीचा फोन हाये. उचल.’’

‘‘जप करून राह्यली ती घरून.’’

‘‘असा लागोपाठ कोणी जप करतं का? उचल म्हणते ना!’’

‘‘नाम तुटंल, कांता!’’

फोन बंद झाला आणि परत वाजायला लागला. आता मात्र कांताबाईंनी भावाच्या हातातून तो हिसकावला. मागून बाया ओरडल्या, ‘‘आवं बाई, उचलू नका!’’ वरून बाबानं हात उभारला, ‘‘माते, पाप घडेल!’’ कांताबाईंनी हिरवं बटण दाबलं.

‘‘आवं, या हो जल्दी!’’ गोपिकाबाईचा आवाज फाटला होता. ‘‘शिवू पडली... चुलीत पडली... मी एकली हाये हो वस्तीवर!’’

मच्छिंद्रनं ते ऐकलं. पायांत चपला न घालताच तो पळत सुटला.

पोरगी वाचली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर भडकले ते भडकलेच. ‘‘गोळ्या अशा एकदम बंद करतात का? हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्याला आणा माझ्यासमोर!’’ मच्छिंद्र खाली बघत उभा राहिला.

बोलली ती गोपिकाबाई. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. ‘‘लेकरू हातापायानं तडफडत होतं. मी एका हातानं तिला ओढून राह्यले, एका हातानं यांना फोन लावून राह्यले. हे उचलीनात. अन् कानात त्योच गाऊन राह्यला. दुःख होईल बाद म्हणून! पुन्हा लावला की पुन्हा त्योच!’’ आणि मग तिनं कपाळ बडवून घेतलं. कांताबाईंनी तिचे हात धरले. नणंद-भावजयीचं एरवी फारसं जमत नसे, पण त्या दिवशी दोघी एकमेकींना धरून रडल्या.

‘‘कांता,’’ मच्छिंद्र शेवटी म्हणाला, ‘‘ते गाणं फोनात येतं कसं, ते मला समजावून सांग. लहान पोराला सांगतात तसं सांग.’’

कांताबाईंनी सांगितलं. मच्छिंद्रनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. आणि तो म्हणाला, ‘‘मला हे मांडवात सांगायचंय.’’

मांडवाच्या शेवटच्या दिवशी ‘नंबर एक सोहळा’ होता. बाबाला फेटा, फुलांचा पाऊस, भजनाच्या नावानं केक! सोहळ्याआधी भक्तांनी माइकवर येऊन आपापले अनुभव सांगायचे, अशी तिथली रीत. मच्छिंद्रला बघून बाबाचा मुख्य सेवेकरी मल्हारी खूश झाला. जुना भक्त, चांगला अनुभव सांगणार!

‘‘पोरगी बरी झाली असं मी ह्याच माइकवर सांगितल्तं,’’ मच्छिंद्र म्हणाला. ‘‘ते खोटं निघालं. पोरगी चुलीत पडली. दवाखान्यात हाये. मी बाबाचं ऐकून फोन उचलला न्हाई. आता माझी बहीण बोलंल, आणि तिला कोणी आडवं आलं तर माझ्याशी गाठ हाये.’’

मल्हारी माइककडं धावला, पण मच्छिंद्रचा अवतार बघून जागच्या जागी थांबला.

कांताबाईंनी समोर बसलेल्या झुंबरबाईला हाक मारली. पंचक्रोशीत बाबाची तिच्याएवढी निस्सीम भक्त नव्हती. लेकानं कालच नवा फोन आणि नवं सिम घेऊन दिलं होतं, आणि ती आज नाद बसवायलाच आली होती.

‘‘मावशी, तुमच्या भक्तीवर कोणी शंका घेईल का?’’

‘‘कोणाची हिंमत हाये!’’

‘‘फोनात पैसे किती हायेत?’’

‘‘एक-दोन फोन लागतील एवढे हायेत, असं पोरगं म्हणत होतं.’’

‘‘पुरे. दादाचा नंबर लावा. आवाज मोठा करते मी.’’

फोन माइकला लावला. ‘नाद घ्या नाद’ मांडवभर वाजायला लागलं. झुंबरबाईनं डोळे मिटले, हात जोडले आणि बोटानं चांदणी दाबली. गाणं थांबलं. रेकॉर्ड केलेली एक बाई गोड आवाजात हिंदीत बोलली, ‘‘क्षमा कीजिए, आपके खाते में पर्याप्त राशि नहीं है.’’

‘‘काय म्हणली ती?’’ झुंबरबाईनं विचारलं.

‘‘पैसे कमी हायेत म्हणली.’’

मांडवाच्या दारात भुजंगचं रिचार्जचं टेबल होतं. सोहळ्यात धंदा जोरात होता त्याचा. कांताबाईंनी तिथल्या तिथं झुंबरबाईच्या फोनात पैसे टाकायला लावले आणि पुन्हा नंबर लावला. या वेळी झुंबरबाई एवढी गोंधळली होती की डोळे मिटायचंही विसरली. चांदणी दाबली. बाई बोलली, ‘‘धन्यवाद. यह धुन आपकी कॉलर ट्यून बन गई है.’’

‘‘भक्ती तीच, बोट तेच,’’ कांताबाई म्हणाल्या. ‘‘मघाशी नाद का आला न्हाई? बाबा, सांगा की! सूक्ष्म देहाला रिचार्ज लागतो का?’’

कोणीतरी मागं फिसकन हसलं. बाबानं डोळे मिटून घेतले.

‘‘चांदणी म्हणजे खरेदीचं बटण हाये,’’ कांताबाई लोकांकडं वळल्या. ‘‘दाबलं की गाणं विकत घेतलं. आत्ता तुमच्या पोराच्या फोनावर सिनेमाचं गाणं ऐका आणि चांदणी दाबा, तेपण असंच चालत येईल. पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात, आणि गाणंवाल्याला त्यातला वाटा मिळतो. आता नंबर एकचं ऐका. कोणाचं गाणं चांगलं, कोण ऐकून बरं झालं, हे कोणी मोजत न्हाई. त्या आठवड्यात कोणत्या गाण्यावर जास्त खरेदी झाली तेवढं मोजतात. पहिल्यांदा घेतलेलं त्यात धरतात, तुम्ही झोपेत असताना पैसे कापून चालू ठेवलेलंही धरतात. ह्या बाबानं तुम्हाला फोन का उचलू दिला न्हाई? उचलला की गाणं बंद पडतं. गाणं बंद पडलं की समोरचा चांदणी कवा दाबणार? तुमचं नाम तुटत न्हाई, ह्याची विक्री तुटते! तुम्ही दाबत गेला, हा वर चढत गेला, आणि तोच नंबर फ्लेक्सवर छापून यानं तुम्हाला चमत्कार म्हणून दाखवला.’’

‘‘पण देशात नंबर एक...’’ एक जण उठून म्हणाला.

‘‘कंपनीचा मेसेज माझ्याकडंही आलाय. मराठवाड्यातल्या नव्या भक्तिगीतांत पहिला, असं लिहिलंय त्यात. देश बाबानं घरून घातला!’’

आता हशा चांगलाच पिकला. मल्हारी ओरडायला लागला, ‘‘नास्तिक हाये ही बाई! शाप लागंल!’’ बाबाला एकाएकी समाधीची वेळ झाल्याचं आठवलं, आणि समाधी लावायला तो थेट आपल्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसला. एसी चालू झाला. काही माणसं गाडीच्या काचेला हात लावून नमस्कार करतच होती. एवढं डोळ्यांदेखत होऊनही! असल्या भाबडेपणाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा. पण पुष्कळ माणसं भुजंगच्या टेबलाभोवती गोळा झाली होती आणि ‘हे बंद कसं करायचं ते आधी सांग’ म्हणून त्याच्या मागं लागली होती.

झुंबरबाई मात्र तिथंच बसून होती. नव्या फोनाकडं बघत म्हणाली, ‘‘बाई, मंग देवाचं नाव कसं घ्यायचं?’’

‘‘तोंडानं घ्या की, मावशी. तुमच्या तोंडाला का कोणी कुलूप लावलंय? भजन म्हणा, टाळ वाजवा, कोण अडवतंय? पण आजारी माणसाला डॉक्टरकडं न्या. गोळी दिली तर ती रोज द्या. आणि कोणी चमत्कार सांगायला लागला, तर तो कसा होतो हे विचारल्याबिगर मान हलवू नका.’’

तेवढ्यात मच्छिंद्रचा फोन वाजला. सवयीनं त्यानं तो कपाळाकडं नेला. क्षणभर हात तसाच राहिला.

‘‘आरं, उचल की!’’ झुंबरबाई ओरडली. ‘‘बघत काय राह्यला? उचल!’’

मच्छिंद्रनं घाईघाईनं फोन कानाला लावला.

‘‘आबा, मी शिवू,’’ पलीकडून बारीक आवाज आला. ‘‘गोळी घेतली मी. तुमी कवा येताय?’’

‘‘आलोच, बाळा,’’ तो म्हणाला आणि मांडव तसाच सोडून दवाखान्याकडं निघाला.