आबासाहेबांच्या पोटातलं सोनं

नगरच्या डॉक्टरांनी लांब सुईनं आबासाहेबांच्या लिव्हरच्या गाठीत सोन्याचे बारीक दाणे सोडले. गाठ श्वासाबरोबर वरखाली होते. दाणे मशीनला दिसतात, म्हणजे किरणांचा शेक नेमका गाठीलाच बसतो. डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं. आबासाहेबांनी त्यातलं सोनं तेवढं ऐकलं.

नेवाशाकडच्या त्यांच्या गावात, माणूस जायला लागला की तोंडात तुळशीपान आणि सोन्याचा कण ठेवतात. घरी आल्यावर आबासाहेब ओसरीतल्या बाजेवर उताणे झाले आणि मेले. म्हणजे चहा प्यायचे, पण हाकेला ओ देईनात.

थोरली बहीण मुक्ताबाई आली, तिनं रीतसर गळा काढला. मधेच थांबून आबासाहेबांच्या मुलाला, अंगदला, विचारलं, "जेवला का रं?"

"भाकरी खाल्ली. वर ठेचा मागितला."

"मग बरं हाय," म्हणून तिनं राहिलेलं रडणं पुरं केलं.

अंगद डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायचा. गाठीचं कळल्यापासून त्याला काही वाटायचंच बंद झालं होतं. पायाला मुंग्या येतात तसं, पण सगळीकडे.

शेकाच्या दिवशी तो म्हणाला, "आबा, उठा. आता टाळलं तर गाठ वाढंल, मग डॉक्टर हात लावायचे न्हाईत."

"सोनं दिलं ना मला? मेलेल्याला कशाचा शेक?"

"बरं. मेलेल्याला चालावं लागत न्हाई."

त्यानं चुलतभाऊ सहादेवला हाक मारली. दोघांनी बाज उचलून टेम्पोत, दुधाच्या कॅनांमधे ठेवली. फाट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. आबासाहेबांनी पडल्या पडल्या रामराम घातला.

दवाखान्यात मशीनखाली श्वास रोखायचा होता. बाहेरच्या खोलीतून टेक्निशियन ज्योती माइकवर म्हणाली, "रोखा." आबासाहेबांनी असा रोखला की पडद्यावरचे दाणे जागचे हलेनात.

"इतका स्थिर पेशंट मी पाहिला नाही," ती खुशीत म्हणाली. "हं, सोडा आता."

सोडेनात.

"आजोबा, श्वास घ्या."

दाणे तसेच. ज्योतीनं मशीन बंद केलं. तिच्या शेजारी उभ्या अंगदच्या छातीत काहीतरी दुखलं. त्यानं माइक ओढला. "आबा! घ्या की श्वास! मी तुमचा दहावाबिहावा काही घालनार न्हाई, सांगून ठेवतो!"

स्पीकरमधून आधी खोकला आला, मग आवाज.

"बोंबलतोस कशाला? ही फळी लई गार हाय. खाली गोधडी घालायची अक्कल न्हाई व्हय कुनाला?"

अंगद खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"पुन्हा रोखायला सांगू?" ज्योतीनं विचारलं.

"सांगा," तो म्हणाला. "पन लगेच सोडायलाबी सांगा."