झारेम्बा सरांचं लोखंड

"इदा, हे चुंबक कुठलं टाकलंस?"

"नवं, सर. तुमचं धुवायला ठेवलंय."

झारेम्बा सर कुप्पीकडे बघत राहिले. एव्हाना आतला द्रव काळपट व्हायला हवा होता. तो पाण्यासारखा स्वच्छ होता.

रासायनिक क्रिया घडवून आणायचं महागड्या पॅलेडियम धातूचं काम साधं लोखंड करतं, हे सरांनी दाखवलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं. महिन्याभराने निवृत्ती, निरोपाच्या व्याख्यानात हीच क्रिया करून दाखवायची, म्हणून आमची ही तालीम चालली होती. पहिल्यांदा क्रिया जमली तेव्हा कुप्पीत फिरत होतं ते ढवळायचं चुंबक सरांनी जिवापाड जपलं होतं. प्रबंध लिहिणाऱ्याला ते तेच द्यायचे, "शुभ आहे" म्हणून. इतरांच्या अंधश्रद्धेला हसणारे आम्ही रसायनवाले! दुसऱ्या गावी कुणाला क्रिया जमली नाही, तर आम्ही खुशाल म्हणायचो, हाताला गुण असावा लागतो.

"आता जुनं चुंबक घाल," सर म्हणाले. "आणि लोखंड घालूच नकोस."

दुपारपर्यंत कुप्पी काळी झाली. कधीकाळी कुणाच्या तरी प्रयोगातलं पॅलेडियम त्या चुंबकाच्या चऱ्यांमध्ये अडकून बसलं होतं. कणभरच, पण तेवढं पुरतं.

"म्हणजे आमचं लोखंड नुसतंच बसून होतं," सर म्हणाले.

"गप्प बसा ना, सर! महिन्याभराने तुम्ही घरी. कोण बघायला येतंय?"

"तू बघितलंस की."

शेजारच्या खोलीतून हाका येत होत्या. सरांचा नामदिवस होता, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस; आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा होतो. सगळे चीजकेकभोवती जमले होते.

"या लवकर, नाहीतर कागद चाटावा लागेल!" आमचा जाड्या वित चेष्टेने ओरडला.

सर गेले, आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"सर, आजच्या दिवशी तरी थट्टा नको," वित म्हणाला.

"थट्टाच झाली रे. माझी."

मला सरांचा भयंकर राग आला, आणि रडूही.

सर प्रयोगशाळेत परतले, मीही मागोमाग आले, आणि त्यांनी फोन उचलला.

"आता कुणाला?" मी विचारलं.

"ज्यांनी यावर प्रबंध लिहिले त्यांना. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको."

पहिला फोन ग्दान्स्कच्या विद्यापीठात, लुद्मिलाला. याच कामावर तिला गेल्या वर्षी प्राध्यापकी मिळाली होती. सरांची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी.

"झारेम्बा बोलतोय. नाही ग, तब्येत ठणठणीत आहे. वर्गात आहेस? मग बाहेर ये, कुठेतरी बस आधी."

त्यांनी सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. "चूक माझी आहे, पोरी, तुझी नाही," असं दोनदा म्हणाले.

पलीकडून ती काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. ती खूप वेळ बोलत होती. सर उभे राहून ऐकत होते.