टाकीवरची छत्री

भिमाजींची मोटारसायकल सत्तावीस वर्षांची होती आणि तिच्या टाकीचा मरून रंग अजून शोरूममधून आणला तसाच होता. साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी गाडी पुसणं हे त्यांचं ठरलेलं काम. गाडीवर कसलंही नाव नाही, की देवाचा फोटो नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "रंग दिसू द्या की तिचा."

यंदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला त्यांची बायको मुक्ताबाई वॉर्ड दोनमधून उभी राहिली. चिन्ह कपबशी. समोर राजेश्वरी, तिचं चिन्ह छत्री. मुक्ताबाईंनी पहिल्याच दिवशी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "प्रचाराला मी पायी फिरीन. तुमच्या गाडीवर एक ओरखडा पडला तर इलेक्शन राहील बाजूला."

मतदान तीन दिवसांवर आलं असताना भिमाजी राहुरीला गेले. गाडी गावच्या स्टँडवर लावली आणि एसटी धरली. तीन तासांनी परत येऊन पाहतात तर टाकीवर तळहाताएवढी छत्री. खाली ठळक अक्षरांत, 'आमचं ठरलंय'.

स्टँडवरच्या झाडून सगळ्या गाड्यांवर छत्र्या चिकटवल्या होत्या. पण त्या गाड्यांच्या मालकांच्या बायका काही कपबशीवर उभ्या नव्हत्या. भिमाजींनी घाईघाईनं नखानं कोपरा ओढला. वरचा चकचकीत पापुद्रा फाटून हातात आला, खालचा पांढरा कागद टाकीवर तसाच राहिला. आता अर्धी छत्री होती, आणि 'ठरलंय' तेवढं शाबूत होतं.

तेवढ्यात शेजारचे सहादेव तिथून चालले होते. ते थांबले, टाकीकडे बघितलं, मग भिमाजींकडे.

"व्हय भिमाजी, घरातच फूट?"

"आवं, मी न्हाई लावलं."

"बरं बरं. मी कशाला कुनाला सांगतोय," म्हणत सहादेव भराभर गावात शिरले.

भिमाजींनी टाकीवर टॉवेल टाकला आणि घर गाठलं. मुक्ताबाई प्रचाराला गेल्या होत्या. भिमाजींनी स्वयंपाकघरातली सुरी आणली, कागदाच्या कडेला टेकवली, आणि हात थांबला. उभ्या आयुष्यात लोखंडाशी झटलेला माणूस, पण ह्या रंगावर पातं चालवायला मन होईना. पेट्रोलनं निघेल, पण चमकही जाईल हे त्यांना ठाऊक होतं. मग टॉवेल पुन्हा टाकून ते अल्मासच्या दुकानी गेले.

अल्मास नंबरप्लेट आणि रेडियमचं काम करायची. दोन्ही उमेदवारांचे स्टिकर तिनंच छापले होते. टॉवेल उचलून तिनं बघितलं आणि हसू दाबलं.

"काका, नखानं वढलं ना? उन्हात गोंद पार भाजलाय. आता सावकाश घ्यावं लागंल."

"तूच छापलंस, आता तूच काढ."

"काढते की. पन लाईट चारशिवाय येत न्हाई, ड्रायर बंद हाय. गरम पान्यानं करू. आधी टाकी धुवा. धूळ राहिली तर घासताना तिचेच चरे पडत्यात."

भिमाजींनी टाकी धुतली. अल्मासनं घरातून गरम पाण्याची किटली आणली, फडकं बुडवून पिळलं आणि स्टिकरवर दाबून धरलं. निवलं की पुन्हा गरम. चौथ्या वेळी तिनं बोटाच्या पेरानं कडा उचलली आणि कागद वर न खेचता टाकीला लागूनच, उलटा दुमडत मागे ओढला. 'ठरलंय' हळूहळू निघू लागलं. भिमाजी वाकून तिच्या बोटांकडे बघत होते.

नेमक्या त्याच वेळी मुक्ताबाई आल्या. मागे प्रचाराच्या चार बायका.

"मला येताना वाटेत तिघांनी इचारलं," त्या म्हणाल्या. "म्हनं, तुमच्या घरात कपबशी फुटली का?"

भिमाजींनी सगळं सांगितलं. स्टँड, ऊन, नख, सुरी. सुरीचं ऐकून मुक्ताबाईंनी कपाळाला हात लावला.

"सुरी? त्या गाडीला? मग तुमी खरंच माझ्या बाजूचे दिसता." आणि पदर खोचून त्या खाली बसल्या. "अल्मास, आता काय करायचं सांग."

"खोबरेल लावा काकू. दहा मिनिटं मुरू द्या. मग मऊ कापडानं गोल गोल."

त्या तेल लावत असतानाच राजेश्वरीची प्रचारफेरी वळणावरून आली. घोषणा चालू होत्या. मोटारसायकलपाशी बसलेल्या मुक्ताबाई दिसताच घोषणा बंद झाल्या. राजेश्वरी पुढे आली. अर्धवट निघालेली छत्री तिनं ओळखली.

"आमच्या पोरांनी लावलं का हे?"

"लावलं तर लावलं," मुक्ताबाई म्हणाल्या. "पन इचारायचं तरी."

राजेश्वरीनं मागे वळून आपल्या लोकांकडे असं बघितलं, की दोघंजण खाली बघू लागले. मग ती जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "मुक्ताकाकू, माझ्या स्कूटीवर कालपासनं कपबशी हाय. डिकीवर. मी वरून पिशवी लटकवून फिरतीय. ब्लेडनं काढनार हुते."

"ब्लेड नको," भिमाजी आणि अल्मास एकदमच म्हणाले.

मुक्ताबाईंना हसू आवरेना. मग राजेश्वरीही हसली, आणि स्कूटी आणायला कुणाला तरी पाठवलं. किटली पुन्हा चुलीवर गेली. दोन्ही फेऱ्यांच्या बायका दुकानाच्या सावलीत बसल्या, कुणीतरी चहा सांगितला. कपबशी काढायचं काम भिमाजींनी स्वतःकडे घेतलं. "दमानं," ते राजेश्वरीला सांगत होते, "वर न्हाई वढायचं, मागं वढायचं." दोघी उमेदवारांनी एकाच बाटलीतलं खोबरेल हातावर घेऊन आपापली गाडी घासली. शेवटी साबणाचं पाणी, मग कोरडं कापड. मरून टाकीवर भिमाजींनी तिरप्या नजरेनं तीनदा बघितलं. एक डाग नव्हता.

उठताना राजेश्वरी म्हणाली, "आता न इचारता कुनाच्याच गाडीला लावायचं न्हाई. तुमची मानसं बी लावनार न्हाईत."

"ठरलं," मुक्ताबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या पहिल्यांदाच मोटारसायकलवर बसून प्रचाराला गेल्या. भिमाजींनी विचारलंही, "कपबशी लावू का? आता काढायची कशी ते येतंय." त्या म्हणाल्या, "न्हाई. मी मागं बसलेय ना, तेवढं पुरं."

मुक्ताबाई सहा मतांनी निवडून आल्या. निकालाच्या दिवशी राजेश्वरी घरी येऊन पेढा खाऊन गेली, आणि वरच्या आळीला पाणी कमी येतं तेवढं आधी बघा, असं बजावून गेली. पहिल्या बैठकीला भिमाजींनी बायकोला पंचायतीच्या दारात सोडलं. मुक्ताबाई वरच्या आळीच्या पाण्याचा अर्ज घेऊन आत गेल्या आणि भिमाजी समोरच्या हॉटेलात चहा सांगून, दाराकडे तोंड करून बसले.