पडद्यावरचं बाळंतपण

दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी होता, संध्याकाळचा पुरुषांसाठी. ‘मुलींना वेळेवर शहाणं करा’ अशी पाटी थेटरावर लागली होती. पाद्रीबाबांनी रविवारी त्या सिनेमावर तोंडसुख घेऊनही इंडियानातल्या त्या गावातली झाडून सगळी बायकामंडळी आली होती. आर्डिसला तिची नणंद लूएला ओढूनच घेऊन आली.

“तुला पोर नाही म्हणून तर चल,” लूएला म्हणाली. “निदान कळेल तरी कुठं चुकतंय.”

आर्डिस तिच्यामागून आत शिरली. लग्नाआधी, सोळाव्या वर्षी, शहरातल्या धर्मादाय इस्पितळात ती बाळंत झाली होती, हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. तिला गुंगीचं औषध दिलं होतं. जाग आली तेव्हा नर्स म्हणाली, मेलेलंच निघालं.

सिनेमातली फसलेली पोरगी रडून झाली. मध्यंतरात डॉक्टर म्हणवणाऱ्या एका गृहस्थानं भाषण ठोकून पुस्तिका खपवल्या. मग खरंखुरं बाळंतपण दाखवलं. बाईचं तोंड कापडानं झाकलेलं, पाय उघडे. उजव्या पायाला करंगळी नव्हती.

आर्डिसची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीखाली गेली होती. तिनं बुटातल्या बुटात पाय आखडून घेतला. पडद्यावर कुणीतरी मूल उलटं धरलं. ते तोंड वासून रडत होतं, मुठी झाडत होतं. पुढचं तिला दिसलंच नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली.

खेळ सुटल्यावर तिनं त्या डॉक्टरला मागच्या दारात गाठलं.

“ते मूल कुठंय?”

“कुठलं मूल, बाई?”

“शेवटी दाखवलंत ते. माझं आहे.”

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवला. “मी डॉक्टर नाही, बाई. ही रिळं ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत येतात. देवाशप्पथ, मला काही ठाऊक नाही.”

घरी तिचा नवरा वेंडेल संध्याकाळच्या खेळाला जायचं म्हणून दाढी करत होता. तो पाय त्याला ओळखू येणारच होता. आर्डिसनं त्याच्या हातातला वस्तरा काढून ठेवला आणि सगळं सांगितलं. तो अर्धवट दाढीनिशीच टोपी चढवून निघून गेला. आता हा काही परत येत नाही, असं धरून ती पायरीवर बसून राहिली.

खेळ सुटायच्या वेळी तो आला. “मुलगी आहे,” एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दोघं शहरातल्या त्या इस्पितळात गेली. खिडकीतल्या बाईनं दप्तर चाळलं. “मूल मृत जन्मलं, असं लिहिलंय.”

“रडत होती ती,” वेंडेल म्हणाला. “आम्ही पाहिलंय.”

“कुठं पाहिलंत?”

वेंडेलची मान खाली गेली.

“थेटरात,” आर्डिस म्हणाली.

बाईनं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि रांगेतल्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. आर्डिस खिडकीची कड सोडेना. “परत बघा,” ती म्हणत राहिली, “एकदा परत बघा,” आणि वेंडेल तिचं एकेक बोट सोडवत होता.