भाकरीच्या ओळीनंतर

“तेवढी ती थांबायची जागा काढून टाकू या का?” चहाचा कप खाली ठेवता ठेवता धाकट्या पाळकांनी विचारले. विचारले तेही जपून, झोपलेल्या पोराच्या अंगाखालची चादर ओढावी तसे.

मोठे पाळक निवृत्त होऊन वर्ष होत आले होते, पण विचारायला सगळे अजून त्यांच्याकडेच येत. ते बिस्किट बुडवत राहिले. बिस्किट तुटून चहात पडले.

“कुठली जागा?”

“प्रभूच्या प्रार्थनेतली. भाकरीच्या ओळीनंतर सगळे थांबतात ना, ती. नव्या लोकांना माहीत नसतं. ते पुढे जातात, जुने मागे राहतात, आणि आमेन दोनदा होतं. घरी बसून मोबाइलवर उपासना ऐकणारे तर फोन करतात, आवाज गेला म्हणून.”

“त्यांना म्हणावं, आवाज नाही गेला. माणूस गेला.”

“झालं,” आतून पाळकबाई म्हणाल्या. “आता जेवणापर्यंत उपदेश.”

धाकटे पाळक हसले. “तुम्ही म्हणाल तसं करू. फक्त शनिवारी कमिटीची बैठक आहे. तोवर सांगा.”

*

माणूस म्हणजे सुतारमामा.

तेव्हा मोठे पाळक मोठे नव्हते, नुसते पाळक होते. डोक्यावर केस आणि डोक्यात कल्पना, दोन्ही भरपूर. त्यातलीच एक कल्पना अशी, की प्रार्थना व्यासपीठावरून नको, बाकावरून व्हावी. दर रविवारी मंडळीतल्या एकाने सुरू करावी, बाकीच्यांनी त्याच्या मागून म्हणावी.

सुतारमामांची पाळी आली. चर्चमधले सगळे बाक त्यांच्या हातचे. लाकडाशी त्यांचे छान जमायचे, शब्दांशी बेताचे. चार माणसांत बोलताना जीभ अडखळायची. रोजची भाकर मागण्यापर्यंत ते आले आणि पुढच्या, क्षमेच्या ओळीचा पहिलाच शब्द दातांशी अडकला. मान ताठ झाली, कान लालबुंद झाले. मागच्या बाकावरचे तान्हे बाळ अंगठा चोखत होते, ते ऐकू येऊ लागले.

कोणी पुढे गेले नाही. एकही माणूस नाही. मग तो शब्द सुटला, आणि त्याच्या मागोमाग अख्खी मंडळी निघाली.

पुढच्या रविवारी पाळी दुसऱ्याची होती. तरीही त्या जागी सगळे थांबले, मामांसाठी. कोणी सांगितले नव्हते. मग ते थांबणे तिथेच राहिले, उंबरठा राहावा तसे.

पाळकांना त्या शांततेचे केवढे कौतुक. दर वर्षी नव्या कुटुंबांना उभे करून ते सांगत, “मंडळी म्हणजे काय विचाराल, तर हे.” स्वतःचे उपदेश त्यांना आठवत नसत (लोकांना तर नसतच), पण ती शांतता त्यांना तोंडपाठ होती. प्रार्थनेत पाळकांनी डोळे उघडायचे नसतात, पण मेंढरे मोजायची सवय. तेवढ्या वेळात ते बघून घेत. बाकाखाली चप्पल चाचपणारा पाय. नव्या नवरा-बायकोच्या एकमेकांत अडकलेल्या करंगळ्या. गालावर बाकाच्या पट्ट्या उमटलेली झोपाळू पोरगी. पेटीचा भाता धरून बसलेली बाई. आणि पुढच्या बाकावर मामा. ताठ मानेचे.

पेटी गेली. ती पोरगी लग्न होऊन गेली. मामा गेले.

*

सुतारमामींनी एक शब्द टाकला, तर कमिटीची काय बिशाद. म्हणून शुक्रवारी मोठे पाळक त्यांच्याकडे गेले. मामी खिडकीशी बसून शर्टाला काजे करत होत्या.

“या पाळकसाहेब. त्या खुर्चीवर नको, डुगडुगते. सुताराच्या घरची आहे.”

ते कॉटवर बसले. सगळे सांगितले. सांगता सांगता त्यांचाच आवाज जड झाला. मामींचे डोळे भरतील म्हणून ते थांबले.

मामींनी दाताने दोरा तोडला. “काढा की मग.”

“मामी, मामांची आठवण आहे ती.”

“तुमची आहे.”

रागाने नाही, सुईत दोरा ओवताना म्हणतात तसे, लक्ष दुसरीकडे ठेवून.

“घरी घडाघडा म्हणायचे हो. रंधा चालवताना, एका दमात. त्या दिवशी अडकले ते खरं. पण पुढच्या रविवारी अख्खं चर्च श्वास रोखून बसलं, तर कोणाची जीभ चालेल? आणि शेवटी शेवटी तर अडकतही नव्हते.”

“मग?”

“थांबायचे. सगळे थांबलेत म्हटल्यावर एकट्यानं पुढं कसं जायचं?”

बाहेर कोणीतरी सायकलची साखळी चढवत होते. ती दोनदा घसरली.

“मला सांगायचं नाही का?”

“मी म्हणायची, सांगा एकदा. तर म्हणाले, असू दे गं, त्यांना बरं वाटतं.”

पाळकांनी हातातली टोपी कॉटवर ठेवली.

“आणि तुम्ही?” त्यांनी विचारले.

“मी थांबते. दर रविवारी तिथं आलं की ह्यांचे लाल झालेले कान दिसतात. हसताना दिसत नाहीत, बाकाला पॉलिश करताना दिसत नाहीत. कानच.” मामींनी शर्ट उलटा केला. “मला ती प्रार्थना एकदा सरळ म्हणायचीय, पाळकसाहेब.”

*

“काय झालं बैठकीत?” पाळकबाईंनी विचारले.

“काढून टाका म्हटलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग डॉक्टरला दाखवायला हवं तुम्हाला,” त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी त्यांच्या पाठीवर शाल घातली.

*

रविवारी धाकट्या पाळकांनी आधीच सांगितले, आजपासून न थांबता म्हणू या. कारण सांगितले नाही. तसेच ठरले होते. मोठे पाळक शेवटच्या बाकावर होते. जन्मभर समोरून चेहरे पाहिलेल्या माणसाला आता पाठी दिसत होत्या, आणि पाठीवरून कोण कोण आहे ते त्यांना अजून नीटसे ओळखता येत नव्हते. प्रार्थना सुरू झाली. भाकरीची ओळ आली

आणि गेली. चारदोन जुने आवाज ठेचकाळले, सावरले, पुढे झाले. मोठ्या पाळकांचे ओठ मात्र मिटले ते मिटलेच. मग त्यांना तो आवाज ऐकू आला. बारीक, भरभर चाललेला, घरची वाट माहीत असलेल्या पावलांसारखा. एरवी तो गर्दीत बुडालेला असे. आज तो सगळ्यांच्या पुढे होता, एका ओळीने, मग दीड ओळीने. मामी मान वर करून म्हणत होत्या. त्यांचे आमेन सगळ्यांच्या आधी आले, एकटेच. दोनचार जणांनी वळून पाहिले. मामींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मागोमाग मंडळीचे आमेन झाले. गीताचा नंबर सांगितला गेला. बाक करकरले, सगळे उभे राहिले.

मोठे पाळक बसूनच होते. क्षमेच्या ओळीशी.