छातीवरची लाथ

प्यो संगबेक पडून जगला. कोरियातल्या मारामारीच्या सिनेमांत तेवीस वर्षं तो छपरांवरून, घोड्यांवरून, पुलांवरून पडत आला, आणि एवढं पडूनही त्याचं तोंड कुणाला ओळखू आलं नाही. तोंड नायकाचं आणि हाडं संगबेकची, असा हा धंदा. त्याची बायको शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांची पाठ फार प्रसिद्ध आहे हो."

त्र्याण्णव साली, पंचेचाळिशीत, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ही उडी शेवटची असं त्यानं घरी कबूल केलं. मुन्ग्योंगच्या डोंगरात किल्ल्याचा सेट लागला होता. तटावर शत्रूचा तरुण सरदार म्हाताऱ्या सेनापतीच्या छातीत लाथ घालतो आणि सेनापती उताणा खाली जातो, एवढाच प्रसंग. सेनापतीची दाढी लावून संगबेक, सरदाराच्या चिलखतात नाम ह्योनू. दोघेही डुप्लिकेट. ह्योनू सव्वीस वर्षांचा, तायक्वांदोची पदकं मिळवलेला आणि पडायला मात्र संगबेककडूनच शिकलेला.

अडचण तटाची होती. त्याच्या पायथ्याचा दगडी चौथरा दोन हात पुढे आलेला, आणि गाद्या, पुठ्ठ्याची खोकी त्याच्याही पलीकडे रचलेली. आपण होऊन मागे उडी घ्यावी, तर कॅमेऱ्याला ती चोरी दिसते. तेव्हा लाथेच्या धक्क्यानंच चौथरा ओलांडायचा. लाथ अर्धी बसली, तर माणूस सरळ दगडावर.

आणि ह्योनूची लाथ अर्धीच बसत होती. सकाळपासून खाली जमिनीवर तालीम चालली होती. पाय जोरात यायचा, छातीपाशी पोचला की टाच मऊ पडायची, आणि पाठोपाठ मान झुकायची.

"लागलं का, दादा?"

"लागलं असतं तर मी इथं उभा असतो का? तिकडे गादीवर दिसलो असतो! अरे, लाथ मारीन तिथं पाणी काढीन म्हणायचं वय तुझं. आणि मारतोस काय, तर अंगावरची धूळ झटकल्यासारखी."

सगळे फायटर हसले. ह्योनू हसला नाही. कालच जेवताना त्यानं संगबेकला दोन्ही हातांनी दारू ओतून दिली होती, आणि स्वतःचा घोट घेताना, थोरामोठ्यांपुढे वळवतात तसं, तोंड बाजूला वळवलं होतं. ज्याच्यासमोर सरळ बसून पिता येत नाही, त्याच्या छातीवर पाय कसा द्यायचा?

"वर गेल्यावर मारीन, दादा," तो म्हणाला. "खरंच मारीन. इथं तालमीत कशाला उगीच?"

हे वाक्य संगबेकच्या ओळखीचं होतं. बावीस वर्षांपूर्वी योम वस्तादांना त्यानं स्वतः हेच सांगितलं होतं, याच शब्दांत.

योम वस्ताद म्हणजे या सगळ्यांचा गुरू. अशाच लाथेच्या प्रसंगात एका तटावरून पडल्यापासून त्यांचं कंबरेखालचं अंग हललं नव्हतं. शुद्धीवर येताच त्यांनी "पाय घसरला" म्हणून सांगितलं, आणि वस्ताद बोलले म्हणजे बोलले. समोर लाथ मारायला कोण होता, हे कुणी विचारलं नाही. संगबेक दर नव्या वर्षाला त्यांच्या घरी जायचा, जमिनीला कपाळ टेकायचा आणि मुकाट्यानं परत यायचा. वस्तादांचा सर्वांत निष्ठावान चेला म्हणून लोक त्याला मान देत. आता बोलला तर तो मान जाणार होता. दगडाचं त्याला फारसं भय नव्हतं. पण त्यापुढची तशीच बावीस वर्षं या पोराच्या वाट्याला आली असती, आणि ती कशी जातात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"वस्ताद घसरले नव्हते," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "समोर मी होतो. गुरूच्या छातीवर पाय कसा द्यायचा, म्हणून मी लाथ आखडली. वर गेल्यावर मारीन म्हणालो होतो. वर गेल्यावर तर मुळीच जमलं नाही."

फाइट मास्टरांनी हातातला कर्णा खाली ठेवला. तेही वस्तादांचेच चेले.

"आणि तरी दरवर्षी जाऊन पाया पडत होतास?" त्यांनी विचारलं. "लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच जात होतो."

मास्टरांनी तोंड फिरवलं. संगबेकनं ह्योनूचा खांदा धरला. "माझा मान राखायचा असेल, तर हातचं राखू नकोस. राखलंस तर मी एकदाच मरेन, तू रोज मरशील."

तटावर चढताना ह्योनूचे डोळे वाहत होते. आरोळी झाली आणि लाथ आली. संगबेकच्या तोंडून निघालेली किंकाळी या खेपेला खोटी नव्हती. वरती आभाळ दिसलं, चौथरा पाठीखालून मागे गेला आणि खोकी धडाधड फुटली. एक बरगडी मोडली होती.

ह्योनू पायऱ्या उतरत धावत आला. "लागलं का, दादा?"

"लागलं रे," संगबेक म्हणाला. "चांगलंच लागलं."

चार दिवसांनी, नवं वर्ष नसतानाही, तो वस्तादांकडे गेला. वस्ताद खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर उशीला टेकून नासपती सोलत होते. संगबेक वाकला, पण बरगडीमुळे कपाळ खाली टेकेना.

"काय झालं?"

त्यानं सदऱ्याची बटणं सोडली. छातीवर टाचेचा काळानिळा ठसा होता. "पोरानं मारली, वस्ताद. पूर्ण मारली. चौथऱ्याच्या पलीकडे पडलो."

वस्तादांनी चाकू बाजूला ठेवला. ठशावर त्यांनी तळवा टेकवला.

"ही लाथ माझी होती," मग ते म्हणाले.

"हो, वस्ताद. तुमचीच."

संगबेक ओक्साबोक्शी रडायला लागला. प्रत्येक हुंदक्याला बरगडीतून कळ येत होती. वस्तादांनी तळवा काढला नाही.

"त्या पोराला घेऊन ये एकदा," ते म्हणाले. "त्याचा पाय बघायचाय मला."